आईला बंदरावरून आणलं

आमचं गाव खाडीकाठचं. भरतीबरोबर शिडाची गलबतं आत यायची, धक्क्यावर मंगळुरी कौलं, खजूर उतरवून परत जायची. दादा अशाच एका गलबतावर खलाशी होता. वैशाखाच्या अखेरीला मंगळूरहून येताना ते वादळात सापडलं. कुणाचाच पत्ता लागला नाही. बाकीच्या घरांनी दहावं-तेरावं केलं, आईनं केलं नाही.

मी तेव्हा लग्न होऊन काळेवाडीत होते. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत. आई गावी एकटी. शीड दिसलं की चूल तशीच टाकून धक्क्यावर धावायची. शेजारणीनं निरोप धाडला, "ती जेवतसुद्धा नाही. घेऊन जा."

मी गेले. दोन दिवस विनवलं.

"गलबत लागलं नि दाराला कुलूप दिसलं, तर पोर जाईल कुठं गो?"

तिसऱ्या दिवशी मी खोटं बोलले. "आये, दादाचं पत्र आलंय. तो आमच्याकडेच कंपनीत लागलाय."

पत्र दाखव, असंही ती म्हणाली नाही. एसटीत सगळा वेळ हसत होती.

घरी आणली की खरं सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही. दादाला ओव्हरटाइम आहे, त्याची खोली लांब आहे, असं सांगत राहिले. मग ती रोज दुपारी शिफ्ट सुटताना कंपनीच्या फाटकाशी उभी राहायला लागली. सायकलवरून जाणाऱ्या एकेकाचा चेहरा बघायची. अशी तीन वर्षं गेली. एक दिवस नवरा घरी येऊन म्हणाला, "आज त्यांनी एका कामगाराचा हात धरला. सोडेचनात. तो बिचारा रडायला लागला."

त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं.

"मला परत ने," एवढंच ती म्हणाली.

नेलं. खाडी गाळानं भरत आली होती. कौलं आता ट्रकनं येत होती. रिकाम्या धक्क्यावर ती दिवसभर बसली. उठताना म्हणाली, "मी नव्हते, तेव्हा एखादं येऊन गेलं असेल गो?"



ती माझ्याबरोबर काळेवाडीला परतली. चार वर्षं मी वाढलेलं मुकाट जेवली. दादाचा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या नर्सनं तिला विचारलं, "आजी, मुलं किती तुम्हाला?"

"एकच. मुलगा. गलबतावर असतो."

मी खाटेशेजारी तिचे पाय चेपत होते.