मोठ्या माणसाचं औषध

डोक्याचा रुमाल काढून तो तोंडावर धरायचा आणि म्हणायचा, "रोग माहा हाय, कंपाउंडरसाहेब. दुसऱ्या कोनाचा नाही."

मी तेव्हा मानोऱ्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचा भाग अजून मध्यप्रदेशात होता. हा इंझोरीचा शेतमजूर, चाळिशीचा, बायको वारलेली. झोपेत अंथरुणात लघवी होते, एवढंच सांगे आणि खाली बघे. गावातही त्यानं तेच सांगितलं होतं. बाकावरचे पेशंट हसत. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांनी बेलाडोनाचं मिक्श्चर लिहून दिलं; त्यानं लघवी थांबते, पण जास्त झालं तर ते धोतऱ्यासारखंच विष. बाटलीवर मी कागदाच्या खुणा चिकटवल्या. एका खुणेला एक, मोठ्या माणसाचे डोस.

चौथ्या दिवशी भर दुपारी बैलगाडी आली. आत तो, मांडीवर त्याची दहा वर्षांची मुलगी. चेहरा लालबुंद, जीभ कोरडी, काळ्या बाहुल्यांनी सगळा डोळा भरलेला. ती हवेतून काहीतरी वेचत होती.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टर ओरडले.

गाडीमागून गावची सात-आठ माणसं आली होती. तो त्यांच्याकडे पाही, मुलीकडे पाही. तुम्ही तिथं असता, तर तुम्हालाही ते बघवलं नसतं. गावच्या माणसांसमोर तो बोलणार नाही, हे एकाएकी माझ्या ध्यानात आलं. मी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. तो माझ्या पायांवर कोसळला.

"अंथरुनात तिलेच होते जी! लोकायले समजलं त पुढं बायको कोन करीन तिले? आराम पडेना म्हनून आज बाटलीवरच्या तीन खुनांचं एकदमच पाजलं. मारलं म्या माह्या पोरीले!"

नळी घालून पोट धुतलं. दिवस कलला तरी तो भिंतीवर डोकं आपटतच होता. तिनं "बा" म्हटलं, तेव्हा थांबला.

ती सावरल्यावर डॉक्टरांनी तिची लघवी मापाच्या ग्लासात धरायला लावली. जेमतेम चार औंस.

"मूत्राशय लहान आहे रे. औषध नको आता. दिवसा थोडं थोडं रोखायला शिकव. वाढेल."

त्यानं हात जोडले. "भायेर धोतऱ्याचं बी खाल्लं म्हना, साहेब."

मी तसंच सांगितलं.

पाच-सहा वर्षांनी देवीची लस टोचायला आम्ही इंझोरीत गेलो. मुलगी बरी होऊन सासरी नांदत होती. तो अंगणात एकटाच, लोट्यानं अंथरायच्या वाकळीवर पाणी ओतत होता.

"आता कायले?" मी हळूच विचारलं.

"ती गेली न् वाकळ बी कोरडी झाली, त रोग कोनाचा व्हता ते लोकं जोडतीन ना," तो कुजबुजला.

तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून हसली. "पोरगी सासरी गेली, पर बुढ्याचं काही सुदरत नाही!"

तोही हसला, आणि ओली वाकळ रस्त्याच्या बाजूनं पसरू लागला.