गंध लावलेल्या डब्या

इमारत किती तापते, किती वीज खाते आणि ते कमी कसं करायचं, हे तपासून सांगणं हा माझा धंदा. तंजावूरच्या उन्हात या धंद्याला मरण नाही. पण त्या वर्षी माझ्याच आईमुळं माझी अशी फजिती झाली की काही विचारू नका.

इथल्या एका मुलींच्या शाळेत दहावीचे दोन वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर भरत. डोक्यावर नुसता सिमेंटचा स्लॅब. जेवणाच्या सुट्टीनंतर मुली ओला रुमाल डोक्यावर ठेवून गणितं सोडवायच्या. ते बघून मुख्याध्यापिकाबाईंचा जीव तुटायचा. मी म्हटलं, गच्चीला पांढरा चुना लावू या, खाली थंड होईल. शाळेच्या समितीला काही पटेना. चुन्यानं काय होतंय, त्यापेक्षा ऑफिसात एसी बसवू, असं त्यांचं चाललेलं. शेवटी ठरलं की एकाच वर्गावर चुना लावायचा, दोन्हीकडं तापमान मोजायचं आणि दसऱ्यानंतर काय तो निर्णय घ्यायचा. आकडे उलटे आले तर मुली होत्या तिथंच भाजणार होत्या.

तापमान नोंदणाऱ्या दोन डब्या, काड्यापेटीएवढ्या, मी वर्गांत टांगल्या. मार्करनं एकीवर ‘चुना’ लिहिलं, दुसरीवर ‘कोरी’. संगणकातही त्या डबीची नोंद त्याच नावानं जमा व्हायची.

मग आली आयुधपूजा. ज्या हत्यारावर पोट भरतं ते त्या दिवशी सरस्वतीपुढं ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. डब्या घरी आणल्या. आईनं त्या बघितल्या मात्र, कपाळाला हात लावला.

“अय्यो! इतकी मळकी वस्तू सामीपुढं ठेवतीस?”

संध्याकाळी डब्या लखलखत होत्या, वर गंध आणि कुंकू. अक्षरं गायब. पण डावीकडची चुन्याची, मला पक्कं आठवतंय, असं मी स्वतःला बजावलं आणि दसऱ्याला शाळेत जाऊन दोन्ही टांगून आले.

पंधरा दिवसांनी समिती बसली. मी ऐटीत, आधी एकदा नजरही न टाकता, दसऱ्यानंतरचा आलेख भिंतीवर दाखवला. समितीतले एक रिटायर्ड इंजिनिअर चष्मा सावरून तमिळमध्ये म्हणाले, “म्हणजे मॅडम, चुना लावलेली खोलीच जास्त तापते?”

खरंच की!  मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. त्यांची ती नजर मला अजून टोचते. मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला.

“तू त्या डब्या पुसल्यास, तेव्हा जागा बदलली का त्यांची?”

“नुसत्या पुसल्या? तेल लावून घासल्या! आणि जागेचं काय, जिथं फूल नीट बसलं तिथं ठेवल्या.”

आत येऊन मी पूर्ण नोंद उघडली. आयुधपूजेपर्यंत दोन रेघा लांब लांब, एक वर, एक खाली. पूजेच्या दिवशी दोन्ही आमच्या देवघरात, म्हणून एकत्र. दुसऱ्या दिवसापासून वरची खाली आणि खालची वर. खोल्या होत्या तशाच होत्या, डब्यांची अदलाबदल मी केली होती. लाजेनं कान तापले, पण सगळं सांगून टाकलं, गंधासकट.

 मग इंजिनिअरसाहेबांना हसू आवरेना. गेल्या वर्षी पूजेनंतर त्यांच्या स्कूटरचा आरसा गंधानं असा माखला होता की मागची बस दिसली नव्हती म्हणे. हसता हसता ते उठले आणि थेट गच्चीवर. आम्ही सगळे मागं. दुपारचे दोन वाजलेले. त्यांनी चपला काढल्या, कोऱ्या स्लॅबवर दोन पावलं टाकली आणि “अप्पा!” म्हणत टुणकन चुन्यावर उडी मारली. तिथं मात्र निवांत उभे राहिले.

“देवळाच्या तापलेल्या अंगणात दुपारी आपण अनवाणी त्या पांढऱ्या रंगवलेल्या पट्ट्यावरूनच चालतो की,” ते म्हणाले. “आणि मी इथं डब्यांची वाट बघत बसलो!”

आमच्याकडचा दिवाळीच्या सुमाराचा पावसाळा संपल्यावर, जानेवारीत पोंगलच्या सुट्टीत, दुसऱ्या वर्गावरही चुना लागला. परीक्षेच्या आधी मी एकदा जेवणानंतर मुद्दाम वर गेले. रुमाल कुणाच्याच डोक्यावर नव्हता. मागच्या बाकावरची एक पोरगी उठून तक्रार करायला लागली, “मिस, इथं आता झोप येते.”

मुख्याध्यापिकाबाईंनी तिला चांगली फैलावर घेतली. मग खिडकीकडं तोंड करून, पदरानं डोळे पुसत, बराच वेळ उभ्या राहिल्या.