टक्क्याच्या खुणेमागे

पंचावन्नाव्या वर्षी मी फार हुशार होते. आता सत्तरीला तेवढी राहिलेली नाही, म्हणून हे लिहायला जमतंय.

तेव्हा मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. भूमितीच्या आकृत्या काढायचं एक मुक्त सॉफ्टवेअर होतं. कुणीही फुकट वापरावं, आत उघडून बघावं, सुधारावं असं. त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. ती मराठीत आणायचं मी अंगावर घेतलं आणि जोडीला आजऱ्याची मैत्रीण घेतली. बी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो. ती तिकडच्या शाळेत मराठी शिकवायची. असं ठरलं, की तिने एकेक प्रकरण लिहून मेलने पाठवायचं आणि मी तपासायचं. कुणी ठरवलं म्हणाल, तर मीच.

पुस्तिका लाटेकमध्ये होती. हे नाव ऐकून सासूबाईंनी कणीक किती भिजवू असं विचारलं होतं. लाटेकमध्ये मजकुरातच खुणा लिहायच्या, हे शीर्षक, हा तक्ता, इथे आकृती. मग फाईल यंत्रात घातली की सुबक पानं होऊन बाहेर येतात. एका कॉलेजात याची दोन दिवस कार्यशाळा झाली, आम्ही दोघी गेलो. टक्क्याची खूण करून पुढे लिहिलेलं छापलं जात नाही, सोबत काम करणाऱ्याला काही विचारायचं तर ते तिथे लिहावं, असं शिकवणाऱ्याने सांगितलं म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की त्या वेळी मी त्याच्या फळ्यावरचे चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ वहीत टिपत होते. मैत्रीण ऐकत होती.

तिची फाईल आली की मी ती उघडायचेसुद्धा नाही. थेट यंत्रात घालायचे, पानं छापून घ्यायचे आणि लाल पेन घेऊन बसायचे. दुरुस्त्या घालायला एक टायपिंगवाली बाई होती, ती लाल शाईपुरतंच बघायची. विचार आपण करायचा, बडवाबडवी इतरांनी, असा माझा थाट. मैत्रिणीच्या ‘जपून ठेवा’चं मी ‘संचयित करा’ केलं. ‘माउस’ होता, त्याचा ‘मूषक’ केला. ‘मूषकाने टिचकी मारा’ हे वाक्य लिहून मी चहा प्याले होते, इतकं ते मला आवडलं होतं. तपासलेली पानं तिच्याकडे परत जायची आणि पुढच्या प्रकरणात ती निमूट माझे शब्द वापरायची. मला वाटायचं, पटलं.

चौथ्या प्रकरणानंतर तिचा फोन आला. सगळं वाचलंस का, म्हणाली.

“अक्षर न् अक्षर,” मी म्हणाले.

तिने विचारलं, “मग तुला काय सांगायचं न्हाय?”

“काय सांगायचं? झकास हाय की.”

आणखी दोन प्रकरणं आली आणि मग यायची बंद झाली. मी दोनदा मेल केला, उत्तर नाही. तिला झेपलं नाही, असं मी चारचौघींत सांगत सुटले. उरलेली प्रकरणं एकटीने ओढली. मुखपृष्ठावर माझं एकटीचं नाव घातलं, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘आजऱ्याच्या एका शिक्षिकेचे साहाय्य लाभले’. तिचं नावसुद्धा नाही. पुढे कळंब्याला एका लग्नात ती पंगतीत समोर आली, तर जेवण होईपर्यंत वाढप्याकडेच बघत राहिली. आधी काम अर्धवट टाकायचं आणि वर रुसायचं, असं मी घरी येऊन म्हणाले. शहाणी मी.

यंदा त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा मेल आला. सगळ्या भाषांतल्या पुस्तिका लाटेकमधून काढून टिप्स्ट नावाच्या नव्या पद्धतीत न्यायच्या आहेत. ज्याची भाषा त्याने करावी. टिप्स्ट म्हणजे अडकलेल्या शिंकेसारखं नाव, पण खुणा सोप्या आहेत. फाईल आपोआप बदलून देणारं साधन त्यांनी दिलं होतं. मी ते चालवलं. मजकूर ठीक आला, पण तक्ते सगळे विस्कटले. ते विस्कटले नसते तर मी ‘झालं’ म्हणून कळवून मोकळी झाले असते. टायपिंगवाली बाई आता नाही, तेव्हा जुन्या फाईली स्वतः उघडून, एकेक ओळ हाताने नेणं आलं. इतक्या वर्षांत त्या मी पहिल्यांदा उघडल्या.

दुसऱ्या प्रकरणात, टक्क्याच्या खुणेमागे, ओळ होती: मूषक म्हटलं की मुलं गणपती म्हणून हसतात. वर्गात म्हणून बघितलं. माउसच ठेवूया का?

मला वाटलं, एखादीच असेल. खाली दुसरी: ‘संचयित’ माझ्या सातवीतल्या एकाही मुलीला कळला नाही. तू कुणासाठी लिहितेस? मग तिसऱ्या प्रकरणात मूळ इंग्रजीतली लंबदुभाजकाची आकृतीच चुकल्याचं दाखवलेलं, आणि ती खरंच चुकलेली होती. तशीच छापली गेलीय. त्याच्याखाली: मागच्या प्रश्नांना उत्तर आलं नाही. घाई नाही.

घाई नाही, असं लिहिलं होतं तिने.

पाचव्यात प्रश्न कमी झाले. सहाव्याच्या शेवटी एवढंच होतं: अक्षर न् अक्षर वाचलं म्हणालीस. म्हणजे वाचून गप्प बसलीस. आता विचारत नाही.

साधन वापरून आलेल्या फाईलीत बघितलं. तिथे यातली एकही ओळ आली नव्हती.

आजऱ्याचा नंबर मिळवायला दोन दिवस गेले. फोन तिनेच उचलला. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, “बोल की.” मी सगळं सांगितलं. फाईल कधी उघडलीच नव्हती, फक्त छापलेलं वाचायचे, हेही.

“मग अक्षर न् अक्षर कसं म्हणालतीस?”

“मिरवायला,” मी म्हणाले.

ती हसली नाही. “जलमभर मास्तरकी केलीस. पोरी खरं काय ते वहीच्या मागल्या पानावर लिवत्यात, एवढं तुला ठावं न्हाय व्हय?”

मी म्हणाले, नव्या पुस्तिकेवर पहिलं नाव तुझं घालते. ती म्हणाली, तिच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, नाव कुठे आहे ते तिला दुसऱ्याने दाखवावं लागेल.

“नाव ऱ्हाऊ दे. मी प्रश्न इचारलं हुतं. उत्तरं दे.”

तेव्हापासून तक्ते बाजूला ठेवून मी तेच करतेय. नव्या पद्धतीत टक्क्याऐवजी दोन तिरक्या रेघा मारायच्या. त्यांच्यामागे तिचा प्रश्न जशाचा तसा ठेवते, खाली माझं उत्तर लिहिते, आणि दुपारी फोन करून तिला वाचून दाखवते. बहुतेक उत्तर एकच असतं, तुझं बरोबर होतं. एकदा ती म्हणाली, “दुसरं कायतरी बोल की, भांड तरी.” पण भांडायला माझ्याकडे मुद्दा नाही. आणि काही प्रश्नांना आता उत्तरच देता येत नाही. ज्या बटनाला काय म्हणावं असं तिने विचारलं होतं, ते बटनच सॉफ्टवेअरमधून काढून टाकलंय. ‘ते आता नाही,’ असं वाचून दाखवलं की ती “बरं” म्हणते.

परवा सहाव्या प्रकरणाच्या शेवटी आले. ‘आता विचारत नाही’ ही ओळ दोन तिरक्या रेघांमागे नेऊन ठेवली. हा प्रश्न नाही, तेव्हा उत्तर लागत नाही, असं पंचावन्न वर्षांच्या त्या हुशार बाईंनी ठरवून टाकलं असतं. सॉफ्टवेअरवाल्यांचे दोन मेल येऊन पडलेत, मराठी कुठवर आलं म्हणून. मी कळवलंय, एका ओळीपाशी अडलंय.