किती वेळ बंद चालेल?

म्हैसूरमधल्या मेटगळ्ळीच्या पंप कारखान्यातली सर्व्हरची खोली बंद करायचं ठरलं, तेव्हा ते काम कंपनीचे संगणक सांभाळणाऱ्या अनुसूयाकडे आलं. ऑर्डरी, खरेदी, गोदामातला माल, पगार, हिशोब, गेटमधून बाहेर पडणाऱ्या लाऱ्या, असा कंपनीचा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर चालत होता आणि ते सॉफ्टवेअर त्या खोलीतल्या जुन्या यंत्रांवर. आता ते क्लाउडवर न्यायचं होतं. म्हणजे यंत्रं आपली नाहीत. कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या मोठ्या केंद्रात भाड्याने घेतलेली, आणि इथून नुसती वापरायची.

अनुसूया म्हैसूरचीच. घराणं रंगाऱ्यांचं, पण रंगाची शेवटची कढई तिच्या जन्माआधीच मोडीत गेली होती. घरात मराठी, गल्लीत कन्नड, ऑफिसात इंग्रजी. चिडली की तिन्ही एका दमात. लग्नानंतर बोगादीला राहायला गेली तरी रविवारी वडिलांकडे, नागोजीरावांकडे, चक्कर ठरलेली. ते एकदा म्हणाले, "यंत्रं सगळी तिकडं जाणार म्हणतेस. मग तू इथं काय राखणार ग?"

"यंत्रं नाही, अप्पा. काम राखणार."

"हां, बरं," ते म्हणाले. पटलं नव्हतं, हे तिला दिसत होतं.

बंगळूरच्या एका सल्लागार कंपनीने तयार आराखडा पाठवला होता. मोठमोठी यंत्रं, सगळं एका केंद्रात, सगळं एका रात्रीत हलवायचं. अनुसूयाने तो वाचला आणि बाजूला ठेवला. मग ती खात्याखात्यांत जाऊन बसू लागली. प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न असे: "सॉफ्टवेअर बंद पडलं तर किती वेळ चालेल?"

पहिलं उत्तर सगळीकडे सारखंच. एक मिनिटही नाही! ती ते ऐकून घेई, चहा पिई आणि विचारी, "मागच्या खेपेला बंद पडलं होतं, तेव्हा काय केलंत?" तिथून खरं बोलणं सुरू व्हायचं. पगारवाल्यांनी त्या दिवशी जुन्या फायली लावून घेतल्या होत्या. महिनाअखेर सोडली तर त्यांना दिवसभराचीही फिकीर नव्हती. हिशोबाच्या जयवंतीबाई म्हणाल्या, "बंद पडू दे हो तासभर. पण मी केलेली नोंद नाहीशी झाली तर मी कुणालाही सोडणार नाही." आणि गेटवरचा भीमसेन, तिच्याच रंगारी समाजातला, म्हणाला, "अक्का, इथं स्वल्प थांबलं तरी लाऱ्यांची रांग पार रस्त्यावर जाते की. मग ड्रायव्हर, पोलीस, सगळे मलाच बैतात, शिव्या घालतात."

याच बोलण्यांतून तिचा आराखडा उभा राहिला. गेट आणि गोदाम सर्वांत आधी सावरायचं, हिशोबाची नोंद एकही गमवायची नाही, पगाराला घाई नाही. मुख्य यंत्रं मुंबईच्या केंद्रात, त्यांची जागती प्रत, म्हणजे मुंबईचं बंद पडलं तर लगेच चालू करता येईल अशी, हैदराबादला. कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या इंटरनेटच्या लाइनी दोन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालू. कंपनीचे कामकाजप्रमुख शरदचंद्र बऱ्याच वर्षांपूर्वी नाशिकहून आलेले, शिस्तीचे आणि तापट. त्यांनी आराखडा दोनदा वाचला. "खात्यांशी इतकं बोलत बसलात तेव्हा मला वाटलं, वेळ घालवताय," ते म्हणाले. "चांगलं झालंय. तारीख ठरवू."

तारीख ठरली. अध्यक्ष येणार होते, पूजा होणार होती, मंडपवाल्यालाही सांगून झालं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात अनुसूयाने रंगीत तालीम ठेवली. एक लाइन खरोखर तोडायची आणि दुसरीवर सगळं चालतं का, ते बघायचं. ऑफिसातल्या डब्यातली वायर काढून भागलं असतं. पण ती म्हणाली, "तुटते ती बाहेर रस्त्यावर. तिथंच जाऊन बघू." एका लाइनच्या कंपनीचा माणूस कुरकुरतच तिच्याबरोबर आला. कारखान्याच्या फाटकाबाहेर फुटपाथवरचं झाकण त्याने पहारीने उचललं. आत चिखल होता आणि चिखलात दोन केबली शेजारी शेजारी पडलेल्या, एकाच नळीतून जाणाऱ्या.

"ही आमची. आणि ही?" तिने विचारलं.

"तीपण तुमचीच, मॅडम. दुसऱ्या कंपनीची. त्यांनी आमचीच नळी भाड्याने घेतलीय."

अनुसूया तिथंच उभी राहिली. लाऱ्या शेजारून जात होत्या. दोन कंपन्या निवडताना आपण दर विचारला, वेग विचारला. केबलचा रस्ता कुठून जातो, हे विचारलंच नाही. झाकण परत लावून टाकावं, पूजा होऊ द्यावी आणि दुसरी वाट सवडीने शोधावी, हा विचारही मनात येऊन गेला. कुणाला कळलं नसतं.

ती सरळ शरदचंद्रांच्या केबिनमध्ये गेली.

"तारीख पुढे ढकलावी लागेल, सर."

"काय? अध्यक्षांची तिकिटं निघालीत, अनुसूयाबाई!"

"दोन्ही लाइनी एकाच नळीतून जातात. कुणी फावडं मारलं की दोन्ही जातील, आणि आता इथे खोलीत काही उरणार नाही. कारखाना आंधळा होईल."

"आराखड्यात तर दोन आहेत."

"आराखड्यात दोन आहेत, खड्ड्यात एकच आहे. आराखडा माझा आहे, सर. चूक माझी. पण चुकीवर उद्घाटन नको."

शरदचंद्र खूप बोलले. आवाज बाहेरच्या टेबलांपर्यंत जात होता. ती ऐकत राहिली. खुर्चीतून उठली नाही. शेवटी ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "चला, दाखवा तो खड्डा."

झाकण पुन्हा उघडलं गेलं. इस्त्रीच्या पँटीत ते उकिडवे बसले आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग तिथूनच त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. "सर, तारीख मी पुढे नेतोय," असं ते म्हणाले. "मी" म्हणाले, हे अनुसूयाच्या लक्षात आलं.

दुसरी लाइन कारखान्याच्या मागून, रेल्वेच्या बाजूने, खांबांवरून आणावी लागली. परवानग्या मिळता मिळता दसरा उलटून गेला. त्या काळात अनुसूयाच्या मागे लोक बोलले, समोरही बोलले. ती रोज खांबांची रांग बघून यायची. अखेर एका साध्या शनिवारी, मंडपाशिवाय, सॉफ्टवेअर हललं. सोमवारी लोक कामाला बसले आणि कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. याहून मोठी शाबासकी तिला नको होती.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मुंबईच्या केंद्रातली थंड हवेची यंत्रणा बिघडली आणि तिथली यंत्रं एकेक करून मान टाकू लागली. तिथले लोक म्हणत, थांबा, होतंय दुरुस्त. हैदराबादला जावं तर शेवटच्या क्षणांतल्या काही नोंदी तिथवर पोचल्या असतील की नाही, याची खात्री नव्हती. अनुसूयाने जयवंतीबाईंना फोन केला. "आत्ताच्या नोंदींचे कागद हाताशी आहेत का?"

"आहेत. तुम्हीच तर ठेवायला लावलेत."

"मग मी जातेय पलीकडे."

ती पलीकडे गेली. हैदराबादची प्रत उभी राहिली, गेटवर थोडा खोळंबा झाला आणि लाऱ्या पुन्हा सुटू लागल्या. जयवंतीबाईंनी नोंदी पडताळल्या. राहिल्या होत्या त्या कागदांवरून पुन्हा भरल्या. मुंबईचं केंद्र संध्याकाळपर्यंत बंदच होतं. तोवर वाट बघत बसलेल्या इतर कंपन्यांची ओरड बातम्यांत आली. या कारखान्याचं नाव कुठेच आलं नाही.

त्यानंतर शरदचंद्रांनी तिला कंपनीच्या बाकीच्या तिन्ही कारखान्यांची जबाबदारी दिली. तिने ती घेतली, पण एका अटीवर: आराखडा मागण्याआधी तिला तिथे जाऊन लोकांत बसू द्यायचं. "कितीही दिवस लागोत," ती म्हणाली.

"किती लागतील, अंदाज तरी?"

"ते तिथले लोक बोलायला लागले की कळेल, सर."

शरदचंद्र हसले आणि त्यांनी गाडीची सोय करायला सांगितलं.