मंजूताईंची पुढची तारीख

मंजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा खानावळीत दुपारची पंगत बसली होती आणि माझ्या हातात आमटीचं पातेलं होतं. हॉस्पिटलातून आमच्या ह्यांचा आवाज आला, "ताय गेली गं..." मी फोन ठेवला आणि वाढत राहिले. भात, आमटी, पुन्हा भात. शेवटचा माणूस हात धुऊन गेला, मगच शटर ओढलं. लोक म्हणाले असतील, नणंदच ती, हिला कसलं दुःख! पण ताटावरून माणूस उठवलेला मंजूताईंना खपला नसता. त्याला आता महिना होत आला. माझे हात अजून स्वस्थ बसत नाहीत.

मंजूताई ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, शिरवण्यात भाड्याचा गाळा घेऊन कारखान्यांतल्या कामगारांसाठी खानावळ काढली. हे बाजारहाट बघायचे, मी लग्न होऊन आले ती थेट चुलीपाशीच. पुढे जागामालकाने गाळा परत मागितला, केस उभी राहिली, बरीच वर्षं चालली आणि आम्ही हरलो. गाळा रिकामा करून द्या, असा निकाल झाला. वकिलांनी वरच्या कोर्टात अपील दाखल केलं, त्या दिवशी मंजूताईंनी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाच्या ताटात पेढा वाढला. स्थगितीच्या अर्जावर सही करायला या, असं वकील दोनदा सांगून थकले. पण लग्नाच्या हळदींचा सीझन, गावात रोज एका मांडवाच्या भाकऱ्यांची ऑर्डर. "अपील केलंय ना? मंग आता कोन हात लावतो गाल्याला?" म्हणून त्या पीठ मळत राहिल्या.

हात लावायला बेलिफ आला, तोही ऐन पंगतीत. अपील केल्याने निकालाची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते, हे आम्हाला तेव्हा उमगलं. मंजूताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "साहेब, तुमचा कागद खरा. पन मानसं जेवताहेत. पंगत उठल्याबिगर मी हलनार नाय." बेलिफ भला माणूस, बाहेर बाकावर बसला. त्या दिवशी मंजूताईंनी जेवणाऱ्यांना जो आग्रह केला तो मी जन्मात पाहिला नव्हता. एकेकाला तिसऱ्यांदा भात! मग पंगत चालू असतानाच हे मंजूताईंना स्कूटरवर घालून बेलापूरच्या कोर्टात घेऊन गेले, पिठाच्या हातांनी त्यांनी सही केली, वकिलांनी तातडीने अर्ज पुढे केला आणि स्थगिती मिळाली. आग्रहाची जबाबदारी मागे माझ्यावर होती.

पण स्थगिती मिळाली ती पुढच्या तारखेपर्यंतच. त्या तारखेला पुन्हा तिच्या पुढच्या तारखेपर्यंत. मग मंजूताईंचं सगळं जगणंच त्या मापाने सुरू झालं. तांदूळ घ्यायचा तो तारखेपर्यंत पुरेल इतकाच. पंखा कुरकुरतोय, तारखेनंतर बघू. भाचीचं, म्हणजे आमच्या लेकीचं, लग्न ठरवायचंय, तारीख होऊ दे. तारीख जवळ आली की गाळ्यात नुसत्या येरझाऱ्या. "बसा हो ताई जरा," म्हटलं तर म्हणायच्या, "बसली तं उठवतील."

छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी लगेच करा म्हणून बजावलं. मंजूताईंनी त्यांनाही तेच ऐकवलं, एवढी तारीख झाली की येते. मी भांडले. म्हटलं, "ताई, तुमच्या छातीला कोणत्या कोर्टाची स्थगिती आहे?" तर हसल्या. माझं माहेर जासई, बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रस्त्यावरचं. "जासईची पोर ती, कंटेनरवानी आडवी लागते." ती तारीख झाली, समोरच्यांनी मुदत मागितली, पुढची पडली. त्या दोन तारखांच्या मध्येच त्या गेल्या. मला त्यांचा राग येतो. रडू यायला हवं तिथे राग येतो आणि मी भांडी आपटते.

तारीख मात्र ठरल्या दिवशी आली. वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की वारस म्हणून भावाने नाव लावलं तर अपील चालेल. नाही लावलं तर अपील संपेल, त्याबरोबर स्थगितीही, आणि गाळा जाईल. हे वाटेत एवढंच म्हणाले, "ताय नाय तं कोनासाठी लढाचं? वकिलांना सांगतो, सोडून द्या." सही त्यांची लागणार होती, म्हणून मी गप्प राहिले. मी गप्प राहणं म्हणजे काय, ते माझ्या माहेरच्यांना विचारा.

कोर्टात आमचा नंबर आला. शिपायाने दारात येऊन मंजूताईंचं पूर्ण नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, आणि विचारलं, हजर आहेत का? माझ्या शेजारून हे असे उठले की बाक हलला. "हाय!" सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. अपील करणाऱ्या बाई वारल्या आहेत, असं वकील उठून सांगत होते, तेव्हा न्यायाधीशांनी ह्यांच्याकडे पाहून विचारलं, "आपण कोण?"

"भाव हाय साहेब तिचा," हे म्हणाले. "खानावल चालू हाय आमची."

वकिलांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं आणि वारसाचं नाव लावायला मुदत मागितली. ती मिळाली. स्थगितीही वाढली, पुढच्या तारखेपर्यंत. बाहेर जिन्यात हे थांबले, रुमालाने चेहरा पुसला, पुन्हा पुसला. आता खाली बसतील असं मला वाटलं, मलाही तेच हवं होतं, एकदाचं दोघांनी बसून रडून घ्यावं...

"चल," ते म्हणाले, "येल झाली. भात टाकाचा हाय."