समुद्रात गेलेली कामं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. कोकणातून आलेला, चौथीत शाळा सोडलेला मी लालबागच्या कारखान्यात गणपती घडवायचो. परदेशातल्या कलाकेंद्रात राहून शिकायला शिष्यवृत्ती मागितली, तर त्यांनी जुनी कामं दाखवा म्हटलं. माझी सगळी समुद्रात विसर्जित झालेली!

कोकणातल्याच खानावळवाल्या मावशींनी भिंतीवरचा फोटो काढून दिला. मी घडवलेल्या चाळीच्या गणपतीशेजारी त्यांचा नवरा उभा होता. पुढे तो चळवळीत पोलिसांच्या गोळीबारात गेला. त्याचा दुसरा फोटो नव्हता.

"मावशी, हरवला तर?"

"मूर्ती तुझीच मा रे? मग पाठव. आणि तोंड पाडून जेवू नको."

निवडीपेक्षा मला फोटोचीच धास्ती होती. पाकीट परत आल्यावर आधी तो भिंतीवर लावला, मगच इंग्रजी पत्र एका शिकलेल्या शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. निवड झाली होती.

मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "तिकडची तरी बुडवू नको हां."