बाराच्या भोंग्यावरचं लग्न

आमच्या जुन्या क्वार्टर्समधल्या बायका कुठल्या लग्नात भेटल्या, की पंगतीत मीठ वाढून होतं न होतं तोच कुणीतरी म्हणतं, "अगं, अण्णांचा तो किस्सा आठवतो का?" झालं! एक आठवला की त्याला धरून दुसरा येतो, भात निवतो आणि वाढपी वैतागतात. यातले निम्मे किस्से मी डोळ्यांनी पाहिलेत. उरलेले इतक्यांदा ऐकलेत की तेही आता पाहिल्यासारखेच वाटतात!

स्वातंत्र्य मिळून अजून दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला होता आणि मी लग्न होऊन नुकतीच कोकणातून आले होते. हे टाइम ऑफिसात कामाला. शेजारच्या खोलीत अण्णा आणि त्यांची बायको काशीताई. अण्णा बॉयलरवर होते आणि कारखान्याच्या भोंग्याची साखळी त्यांच्या हातात होती. सकाळी सातला, दुपारी बाराला, मग साडेतीनला. घड्याळं फार थोड्यांकडे, त्यामुळे उन्हाळ्यात सगळी वस्ती त्या भोंग्यावर चालायची. सातच्या भोंग्याला कुरडयांचा चीक अंगणात जायचा, बाराला पानं मांडायची आणि साडेतीनला नळ यायचा. अण्णांचा भोंगा कधी एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

*

एका मे महिन्यात अण्णांकडे सत्यनारायण होता. अण्णांच्या जागी बदली माणूस दिलेला होता, पण अण्णांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. पावणेबाराला ते पाटावर चुळबुळायला लागले. भटजींची कथा ऐन रंगात आलेली, आणि अण्णा सोवळ्यानिशी उठून तरातरा गेटकडे निघाले! अंगावर उपरणं, कपाळाला गंध, पायात काही नाही. बाराचा भोंगा झाला आणि मग घामाघूम होऊन पुन्हा पाटावर येऊन बसले.

भटजी पोथीत बोट घालून बसले होते. काशीताई तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "वाचा हो भटजी पुढे. माझ्या सवतीला साखळी आहे, ती ओढली की जावंच लागतं!"

*

एकदा मोठ्या साहेबांकडे पुण्याहून बडे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. त्यांना यायला उशीर झाला. साहेबांनी बॉयलर हाऊसला निरोप पाठवला, "बाराचा भोंगा पाच मिनिटं थांबवा. पाहुण्यांना माणसं मशीनवर दिसली पाहिजेत."

अण्णांनी बाराच्या ठोक्याला साखळी ओढली. माणसं डबे घेऊन झाडाखाली गेली आणि पाहुण्यांनी रिकामी मशीनं बघितली!

साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. "पाच मिनिटं थांबायला काय झालं होतं हो?"

अण्णा म्हणाले, "मी थांबलो असतो, साहेब. वेळ थांबत नाही."

हे केबिनबाहेरच्याच टेबलावर होते, त्यांनी घरी येऊन मला जसंच्या तसं करून दाखवलं.

*

आमच्या सासूबाई देवगडहून उन्हाळ्यात पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. रात्रभराचा प्रवास करून पहाटे पोचल्या आणि आडव्या झाल्या. सातला भोंगा झाला तशा ताडकन उठल्या, गाठोडं काखेला मारलं आणि मला गदागदा हलवायला लागल्या.

"उठ गो, उठ! बोट लागली! आवर बेगीन, नाहीतर चुकेल!"

पिंपरीच्या माळावर बोट! मी हसून हसून लोळले. सासूबाई आधी रागावल्या, मग त्याही हसल्या. पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. देवगडच्या बंदरात बोट लागली की असाच भोंगा व्हायचा, त्याची आठवण झाली असणार. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. पुढे त्या आमच्याकडेच राहिल्या आणि रोज बाराचा भोंगा झाला की म्हणायच्या, "आली हो तुमची बोट. पानं घ्या."

*

ज्याच्या शेतात आमची क्वार्टर्स उभी राहिली, तो कोंडिबा आता कारखान्यातच माळी होता. उरलेल्या तुकड्यावर त्याचं घर, गोठा आणि एक म्हैस होती. आम्हा सगळ्यांकडे त्याचंच दूध. पण रविवारी दूध निम्म्यावर यायचं.

एका रविवारी कोंडिबा अण्णांच्या दारात येऊन उभा राहिला. "अण्णा, म्हस पान्हा चोरती बगा. तिला भोंगा लागतो. तो झाल्याबिगर न्हाई सोडत ती! जरा गोठ्यात येऊन तोंडानं तरी वाजवा की!"

अण्णांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "कोंडिबा, सुट्टीच्या दिवशी मी वाजवत नाही. आणि तुझ्या म्हशीलाही ते कळतंय!"

*

कोंडिबाची पोर हौसा. आई नव्हती तिला. आमच्या घरी दूध घालायला यायची ती ओट्यावर बसून माझ्याकडून वेणीचे प्रकार शिकायची.

एका उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं. मांडव पडला, हळद लागली. मुहूर्ताच्या वेळी वराकडच्या पाहुण्याचं घड्याळ एक सांगायला लागलं आणि भटजींचं घड्याळ दुसरं. वराकडचे म्हणाले मुहूर्त टळला, भटजी म्हणाले अजून यायचाय. शब्दाने शब्द वाढला आणि ती मंडळी नवऱ्या मुलाला घेऊन चालती झाली. हौसा हळदीच्या अंगाने पाटावर तशीच बसून राहिली. मी तिला पाणी दिलं तर म्हणाली, "वैनी, माजं काय चुकलं?"

मला रडू आलं, तेवढंच. वर्षभर तिला स्थळ आलं नाही. मुहूर्त टळलेली पोर म्हणून बायका तिच्याकडे बोट दाखवायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या माण गावचं एक स्थळ जमलं. मुलगा चांगला होता, पण त्याचे चुलते मुहूर्ताच्या बाबतीत फार कडक. कोंडिबाने हात जोडून एकच अट घातली, "घड्याळं नगंत. बाराच्या भोंग्याला अक्षता पडू द्या."

चुलते म्हणाले, "व्हय, चालंल. पन भोंगा झाला की झाला. त्याच्याम्होरं लगीन लागायचं न्हाई. सांगून ठिवतो."

कोंडिबाने पहिली अक्षत अण्णांना दिली. अण्णा म्हणाले, "मला यायला जमणार नाही. माझं काम मी करीन. बारा म्हणजे बारा."

*

मांडव मारुतीच्या देवळापुढे होता, कारखान्याच्या भिंतीला लागूनच. भिंतीपलीकडे बॉयलर हाऊस. त्याच्या उंच खिडकीतून मांडवही दिसायचा आणि नदीकडची गाडीवाटही. यांनी अर्धी रजा काढली होती. सासूबाई पुढच्याच रांगेत बसल्या होत्या.

वऱ्हाड सकाळीच यायचं, ते साडेअकरापर्यंत आलं नाही. मग एक जण पळत आला. पवना नदीच्या वाळूत नवरदेवाच्या गाडीचं चाक मोडलं होतं, मंडळी आता पायी निघाली होती.

उशीर त्यांचा. पण बायकांची कुजबुज कुणावर सुरू झाली? हौसावर! "पुन्ना मुहूर्त टळतोय बाई. पोरीचा पायगुनच तसला." हौसाला सगळं ऐकू जात होतं. तिने माझा हात घट्ट धरला होता.

कोंडिबा काशीताईंपाशी आला. "वैनी, अण्णास्नी सांगून बगू का?"

काशीताईंनी मान हलवली. "नका जाऊ, कोंडिबा. पूजेतून उठून गेलेला माणूस तो. साहेबाचं ऐकलं नाही, तुमचं काय ऐकणार?"

कोंडिबा मारुतीपुढे जाऊन बसला. अण्णांकडे कुणीही गेलं नाही.

मी यांच्या मनगटाकडे बघितलं. बाराला दोन मिनिटं. मग बारा.

भोंगा झाला नाही.

बारा पाच झाले. यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. बारा दहा झाले. भिंतीपलीकडे सगळा कारखाना भुकेला असणार, पण कुणाचा आवाज नाही. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "आज बोट लेट दिसते गो!"

तेवढ्यात वाटेवर धुरळा दिसला. वऱ्हाड धावत येत होतं. नवरदेवाच्या मुंडावळ्या एका कानावर आणि धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. चुलते सगळ्यांच्या पुढे होते. मांडवाच्या तोंडाशी येऊन त्यांनी धापा टाकतच विचारलं, "भोंगा झाला का?"

सगळा मांडव एका आवाजात ओरडला, "न्हाई!"

भटजींनी आपलं घड्याळ मुकाट्याने कमरेला खोचलं आणि अंतरपाट धरायला सांगितला. मंगलाष्टकं झाली. शेवटचं "सावधान" भटजींच्या तोंडून निघालं आणि भोंगा झाला! इतका लांब भोंगा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. अक्षता पडल्या. हौसा रडत होती, मी रडत होते, आणि काशीताई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

हे दुपारी ऑफिसात पोचले, तेव्हा अण्णा मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते. साहेबांपुढे मेमोचा कागद होता. नोकरीवर बेतलेलं होतं.

"बाराचा भोंगा बारा पंचविसाला! अण्णा, तुम्हीच मला म्हणाला होतात ना, वेळ थांबत नाही म्हणून?"

"नाही थांबत, साहेब," अण्णा म्हणाले. "आज थांबली."